कानाने उतरवलेला बँजो: ब्लूग्रासमधल्या टॅबची पार्श्वभूमी

जुनं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि त्यातला बँजो विद्यार्थ्यांसाठी टॅबमध्ये (म्हणजे कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची ते रेघांवरच्या आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीत) उतरवून द्यायचा, हे काम ब्लूग्रास हे अमेरिकेतलं तंतुवाद्यांचं संगीत शिकवणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असतं. (गणपतीच्या मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बेंजो इथे डोळ्यांसमोर आणू नका. हा अमेरिकेतला, पाच तारांचा, ताणलेल्या कातड्याचा.) ही परंपरा वाटते तितकी जुनी नाही. तिची घडण मुख्यतः १९५० आणि ६०च्या दशकांतली, आणि ती बरीचशी एका माणसाच्या उजव्या हाताभोवती झाली.

तो हात अर्ल स्क्रग्ज यांचा. जन्म १९२४, नॉर्थ कॅरोलिना. तीन बोटांनी बँजो वाजवायची पद्धत त्या भागात आधीपासून होती. स्नफी जेंकिन्स यांच्यासारखे वादक ती रेडिओवर ऐकवत. स्क्रग्ज यांनी तिला न तुटणारा ओघ दिला. डिसेंबर १९४५ मध्ये ते मँडोलिनवादक बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये दाखल झाले, १९४८ मध्ये त्याच बँडमधले गिटारवादक लेस्टर फ्लॅट यांच्यासोबत बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' रेकॉर्ड केलं. सेकंदाला दहाएक स्वर. ऐकणाऱ्याला वाटावं, दोन माणसं वाजवताहेत.

हे शिकायचं कसं? बँजोची छापील पुस्तकं नव्हती असं नाही. बॉस्टनमध्ये १८५५ सालीच थॉमस ब्रिग्ज यांच्या नावाचं पुस्तक निघालं होतं, पण ते स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहायच्या पाश्चात्त्य पद्धतीत. डोंगराळ दक्षिणेतले वादक कानाने आणि बघून शिकत. स्क्रग्जही तसेच शिकले. टॅब आली वेगळ्या वाटेने. तार आणि पडदा रेघा-आकड्यांनी दाखवायची ही रीत मुळात युरोपातल्या ल्यूट या जुन्या तंतुवाद्याची. व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची यांनी १५०७ मध्येच ल्यूटची टॅब छापली होती. बँजोपुरतं बघायचं तर लोकगायक पीट सीगर यांनी १९४८ मध्ये सायक्लोस्टाइल करून काढलेलं शिकवणीचं पुस्तक महत्त्वाचं. उत्तरेकडच्या शहरांतली कॉलेजातली पोरं बँजोकडे वळली ती मोठ्या प्रमाणात त्या पुस्तकामुळे.

त्यांतलेच एक बिल कीथ, १९३९ मध्ये बॉस्टनला जन्मलेले. सीगर यांच्या पुस्तकावरून हात बसवला आणि मग स्क्रग्ज यांच्या रेकॉर्डवरचे तुकडे एकामागून एक टॅबमध्ये लिहून काढायला घेतले.

त्या काळी असं काम करणाऱ्यांच्या मदतीला यायचा तो रेकॉर्ड प्लेअर. बऱ्याच प्लेअरना मिनिटाला १६⅔ फेऱ्यांचा वेग असायचा. ३३⅓ची एलपी त्यावर लावली की वेग बरोबर निम्मा होतो आणि सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. म्हणजे जी हा स्वर जीच राहतो, बँजो पुन्हा जुळवावा लागत नाही. टेप रेकॉर्डरवरही सेकंदाला साडेसात इंच वेगाची टेप पावणेचारवर लावून हेच साधता येई.

पण स्वर सापडला म्हणजे काम संपलं नाही. सरगम काय वाजवायचं ते सांगते, टॅब बोट कुठे ठेवायचं ते. बँजोची पहिली तार डी स्वराची, दुसरी बीची. दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरही डीच मिळतो. 'फॉगी माउंटन'च्या सुरुवातीला दुसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर बोट आपटलं जातं आणि लगेच पहिली तार खुली वाजते. स्टाफवर दोन्ही डी सारखेच दिसतील; टॅबमध्ये एक ३, दुसरा ०. हातालाही ते वेगळे आणि कान तयार असेल तर आवाजालाही: दाबलेली तार जरा बसकी, खुली तार खणखणीत. शिवाय उजव्या हाताचा हिशोब असतो. या वेगात एकच बोट लागोपाठ दोनदा सहसा येत नाही, त्यामुळे आधीचा स्वर कुठल्या बोटाने वाजला ते कळलं की पुढची तार बरीचशी ठरते. त्याच रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक खोच आहे: बँजो ई मायनर ही कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवतो आणि फ्लॅट यांची गिटार ई मेजर. गिटारवरून ताळा करणारा इथे हमखास फसतो. आणि 'अर्ल्स ब्रेकडाउन'मध्ये (१९५१) वाजवता वाजवता खुंटी पिळून तारच उतरवली आहे. त्याला कुठल्या पडद्याचा आकडा देणार?

कीथ यांनी आपली टॅबची वही खुद्द स्क्रग्ज यांना दाखवली. स्क्रग्ज तेव्हा पुस्तक काढायच्या विचारात होते; त्यांनी कीथना मदतीला घेतलं. १९६३ मध्ये कीथ मन्रो यांच्या बँडमध्ये गेले. बँडमध्ये बिल एकच, असं मन्रो यांचं म्हणणं, म्हणून कीथ तिथे 'ब्रॅड' झाले! पुस्तक १९६८ मध्ये निघालं, 'अर्ल स्क्रग्ज अँड द फाइव्ह-स्ट्रिंग बँजो', आणि त्यातली टॅब पिढ्यानपिढ्यांची बाराखडी ठरली. सुधारित आवृत्ती २००५ मध्ये आली. १९७३ पासून 'बँजो न्यूजलेटर' हे मासिक टॅब छापू लागल्यावर शिक्षकांनी उतरवलेले तुकडे देशभर फिरायला लागले.

माझ्या मते या पुस्तकाने जितकं दिलं तितकंच एका गोष्टीचं नुकसानही केलं. स्क्रग्ज एकच धून दर वेळी थोडी वेगळी वाजवत. छापल्यावर त्यातली एक 'बरोबर' ठरली. हा आक्षेप शिक्षकांनीही घेतला आहे. व्हर्जिनियातल्या मर्फी हेन्री यांनी टॅब पूर्ण बाजूला ठेवून व्हिडिओवरून, फक्त ऐकून शिकवण्याची पद्धत रुजवली. कागदावर वाढलेला विद्यार्थी चारचौघांत वाजवायला बसला की अडतो, हा त्यांचा मुद्दा अनुभवी शिक्षक सहसा नाकारत नाहीत. तरी टॅब सुटलेली नाही. सूर न बदलता वेग कमी करणारी सॉफ्टवेअर आल्यावर ती उलट वाढली. आता बरेच शिक्षक टॅबसोबत मूळ रेकॉर्डिंगही देतात, आणि आधी ते ऐकून या असं बजावतात.