फाइल हँडल

जाळ्यावरून फाइल सिस्टिम वापरायला देताना सर्व्हर प्रत्येक फाइलसाठी आणि डिरेक्टरीसाठी बाइटांची एक छोटी खूण तयार करतो, तिला फाइल हँडल म्हणतात. क्लायंट ही खूण जशीच्या तशी जपतो आणि वाचायचे, लिहायचे किंवा माहिती विचारायची असली की तीच परत पाठवतो. तिच्या पोटात काय आहे हे फक्त सर्व्हरने पाहायचे. सन मायक्रोसिस्टिम्सने 1980 च्या दशकात आणलेल्या नेटवर्क फाइल सिस्टिममुळे, म्हणजेच एनएफएसमुळे, ही पद्धत रूढ झाली.

फाइलचे नाव किंवा पूर्ण पाथ पाठवून भागत नाही, कारण नाव बदलते. एकजण फाइल वाचत असताना दुसऱ्याने ती दुसऱ्या डिरेक्टरीत हलवली, तरी पहिल्याचे वाचन चालू राहायला हवे. शिवाय एनएफएसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत कोणी कोणती फाइल उघडली आहे याची नोंद सर्व्हर ठेवतच नाही. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की क्लायंट तेच जुने हँडल पुढे करतो आणि काम थांबले तिथून सुरू होते. सर्व्हरच्या स्मरणात काहीच उरलेले नसते. म्हणून फाइल पुन्हा शोधायला लागणारे सगळे हँडलमध्येच भरावे लागते, आणि तेही मर्यादित जागेत: दुसऱ्या आवृत्तीत नेमके 32 बाइट, तिसऱ्या आवृत्तीत जास्तीत जास्त 64, चौथ्या आवृत्तीत 128.

त्यात कोणती फाइल सिस्टिम, तिच्यातला कोणता आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी क्रमांकित नोंद) आणि त्या आयनोडची कितवी पिढी, या तीन गोष्टी लागतात. पिढीक्रमांक सर्वांत महत्त्वाचा. समजा, आयनोड 4711 वर हिशेबाची फाइल होती. ती पुसली गेली आणि तोच आयनोड कोणाच्या तरी खासगी पत्राला मिळाला. हँडलमध्ये नुसता 4711 असता, तर जुन्या क्लायंटने हिशेब समजून पत्रावरच लिहिले असते. आयनोड नव्याने वापरताना पिढीक्रमांक बदललेला असतो. तो जुळला नाही की सर्व्हर ‘स्टेल फाइल हँडल’, म्हणजे शिळे हँडल, ही त्रुटी परत करतो. ही त्रुटी पाहून वैतागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की तिच्यामुळे बहुतेक वेळा कोणाचा तरी डेटा बचावलेला असतो.

लिनक्समध्ये हँडलच्या सुरुवातीचे 4 बाइट आवृत्ती आणि पुढच्या भागांचे प्रकार सांगतात. त्यानंतर फाइल सिस्टिमची ओळख येते. ती डिव्हाइस क्रमांकावर बेतली आणि रीबूटनंतर डिस्कांचा क्रम बदलला, तर वाटलेली सगळी हँडल एका फटक्यात बाद होतात. म्हणून यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमला दिलेली एकमेव अशी ओळख, किंवा प्रशासकाने ठरवून दिलेला क्रमांक बरा. शेवटचा भाग प्रत्येक फाइल सिस्टिम आपापल्या रीतीने भरते. एक्सटी4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमसाठी 4 बाइट आयनोडला आणि 4 पिढीला पुरतात. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला उपखंडाची (तिच्या आतल्या स्वतंत्र भागाची) ओळखही घालावी लागते.

उलटा प्रवास अधिक अवघड आहे. हँडलवरून आयनोड सापडतो, पण तो डिरेक्टरीच्या झाडात कुठे बसतो हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, ठाऊक नसते. डिरेक्टरी असेल तर तिच्या पालकापाशी, मग त्याच्या पालकापाशी, असे मुळापर्यंत चढत जाऊन तुटलेला दुवा जोडावा लागतो. ‘सबट्री चेक’, म्हणजे फाइल वाटलेल्या डिरेक्टरीच्या आतच आहे ना ही तपासणी, चालू असेल तर साध्या फाइलच्या हँडलमध्येही पालक डिरेक्टरीची ओळख घातली जाते. मग फाइल दुसरीकडे हलवली की तिचे जुने हँडल निकामी होऊ शकते. ही तपासणी आता मुळात बंद असते, आणि ते योग्यच आहे.

फॅट या जुन्या, साध्या फाइल सिस्टिममध्ये डिस्कवर आयनोडच नसतात. कर्नल स्मृतीत तात्पुरते क्रमांक देतो, ते विसरले गेले की हँडल शिळे. त्यावरचा एक पर्याय डिरेक्टरी नोंदीची डिस्कवरील जागाच हँडलमध्ये लिहितो, पण मग ती फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरते.

लिनक्स 2.6.39 पासून, म्हणजे 2011 पासून, स्थानिक प्रोग्रॅमलाही हँडल मागता येते आणि त्यावरून फाइल उघडता येते. मात्र उघडताना पाथवरच्या डिरेक्टऱ्यांच्या परवानग्या तपासल्याच जात नाहीत, म्हणून त्यासाठी कर्नलची विशेष मुभा लागते. 2014 मध्ये डॉकर या साधनाच्या कंटेनरमधून (प्रोग्रॅम वेगळा कोंडून चालवण्याच्या कप्प्यातून) बाहेर पडण्याचे प्रात्यक्षिक याच वाटेने झाले: मूळ डिरेक्टरीचा आयनोड बहुधा 2 असतो, त्यावरून हँडल रचायचे आणि यजमान यंत्राच्या फाइली उघडायच्या. ती मुभा कंटेनरकडून काढून घेतली की ही वाट बंद होते.