सोमवारची निळी गोळी

परवा भाचीच्या कंपासपेटीत तीन निळ्या गोळ्या सापडल्या, वहीच्या कागदात गुंडाळलेल्या. पोर आठवीत आहे. शाळेत दर सोमवारी मिळणारी लोहाची गोळी ती न घेता घरी आणत होती. बहिणीचं म्हणणं, "आठवड्यातून एका गोळीनं काय रक्त वाढणार? द्यायची तर रोज द्या की!" असं अनेक पालकांना वाटतं. उत्तर आपल्या आतड्यात आहे.

ही योजना २०१२-१३ पासूनची. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना सरकारी आणि अनुदानित शाळांत, तर शाळाबाह्य मुलींना अंगणवाडीत ही गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. गरज किती मोठी आहे ते २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं: १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय, आणि मुलांपैकीही ३१.१ टक्क्यांना. वयात येताना रक्ताचं प्रमाण आणि स्नायू वाढतात, मुलींची पाळी सुरू होते. लोह लागतं ते नेमकं तेव्हाच.

आता आतड्याकडे वळू. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही आणि मोकळं लोह पेशींना घातक, म्हणून सगळा पहारा दारावरच. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पेशी अन्नातलं लोह आत घेतात. तिथून ते रक्तात जातं फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनाच्या दारातून. या दाराची किल्ली यकृताकडे असते: हेपसिडिन, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं संप्रेरक. रक्तात लोह वाढलं की यकृत हेपसिडिन सोडतं, ते फेरोपोर्टिनला चिकटतं आणि पेशी ते दारच मोडीत काढते. लोह पेशीतच फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात अडकून पडतं. तीनचार दिवसांत ती पेशी झडते आणि लोह तिच्यासोबत शौचावाटे जातं. उलट हाडांतल्या अस्थिमज्जेत रक्त बनवण्याचा वेग वाढून लोह जास्त लागलं, की तिथल्या कोवळ्या रक्तपेशी एरिथ्रोफेरोन नावाचं संप्रेरक सोडून हेपसिडिन दाबतात. तापात, जंतुसंसर्गात मात्र इंटरल्युकिन-६ या प्रतिकारयंत्रणेच्या निरोप्या प्रथिनामुळे हेपसिडिन चढतं, कारण जंतूंनाही लोह हवंच असतं. मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते.

६० मिलिग्रॅमच्या गोळीनंतर हेपसिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. आठवड्यानं दार पुन्हा उघडं असतं, पेशीही नव्या असतात. रोज घेतल्यास एकूण लोह जास्त मिळतं हे खरं, म्हणून रक्तक्षय झालेल्यांना डॉक्टर रोज किंवा दिवसाआड गोळी देतात. शाळेतली गोळी मुख्यतः रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे.

गोळीनं पुढे मूल होत नाही, ही अफवा निखालस खोटी आहे. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि नुसत्या गूळ-शेंगदाण्यानं रक्तक्षय बरा होतो असं सांगणारे व्हिडिओ पाहून औषध बंद करू नका.

शेवटी भाचीलाच विचारलं. "मामा, 'मळमळतं गं' म्हणून आईला सांगितलं होतं मी." सोमवारी ती खिचडी न खाताच गोळी घ्यायची. या सोमवारी खिचडीनंतर घेतली, वर लिंबाची फोड चोखली. चहा मात्र संध्याकाळीच, कारण चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं.