अब्दागिरी हा शब्द आला कुठून?

देवाच्या पालखीबरोबर, संस्थानिकांच्या मिरवणुकांच्या जुन्या चित्रांत आणि पेशवाईवरच्या कादंबऱ्यांत अब्दागिरी हमखास भेटते. लांब दांडा, त्याच्या टोकाला पानाच्या आकाराचा चपटा पडदा, त्यावर मखमल किंवा किनखाब, जरीचं काम आणि पुष्कळदा मधोमध सूर्य. छत्र डोक्यावर पसरतं, अब्दागिरी बाजूला उभी धरतात. मानाची वस्तू म्हणून तिच्याकडे बघायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तिचं मूळ काम ऊन अडवणं हे होतं, हे सहसा ध्यानात येत नाही. नाव मात्र तेवढंच सांगतं.

मूळ शब्द फारसी, ‘आफ्ताबगीर’. आफ्ताब म्हणजे सूर्य, आणि ‘गीर’ म्हणजे पकडणारा, धरणारा. जहांगीर, आलमगीर या नावांतला गीर तो हाच, आणि मराठ्यांच्या मुलूखगिरीतली गिरीही त्याच घराण्यातली. आफ्ताबगीरचं मराठीत आफ्तागीर, अबदागीर, अब्दागिरी असं होत गेलं. ‘फ्त’ हा जोड मराठी जिभेला तसा अवघडच, तो मऊ होऊन ‘ब्द’ झाला. त्यातून एक गंमत झाली. संस्कृतात ‘अब्द’ म्हणजे पाणी देणारा, ढग. त्यामुळे कुणी अब्दागिरीची फोड संस्कृतातून करू लागला तर त्याच्या हाती सूर्याऐवजी ढग लागेल. अर्थ ऐकायला छान वाटेल, पण चुकीचा.

सूर्य अडवणाऱ्या वस्तूसाठी संस्कृतात शब्द नव्हता असं नाही. ‘आतपत्र’ म्हणजे उन्हापासून राखणारं. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत म्हणतो की राज्य हे स्वतःच दांडा धरलेल्या आतपत्रासारखं असतं, त्याने शीण जातो त्याहून जास्त होतो. राजेलोकांची छत्री दुसरा कुणीतरी धरतो, हे गृहीत धरल्याशिवाय ही तक्रार कळत नाही. ‘छत्र’ हा शब्द ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूचा, आच्छादनाचा सख्खा भाऊ. त्यात ऊनही नाही आणि पाऊसही नाही, नुसतं झाकणं आहे. म्हणूनच तो कुठेही चालला. राजाच्या डोक्यावर, स्तूपाच्या माथ्यावर (कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावरचं जुनं लाकडी छत्र अजून उभं आहे), समाधीवरच्या बांधकामाला, आणि पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीलासुद्धा. अन्नछत्राचा मात्र यात काही संबंध नाही. ते मुळात अन्नसत्र, ‘स’चा ‘छ’ झाला एवढंच.

हा छत्र शब्द फारसीनेही उचलला. इराणात आजही छत्रीला ‘चत्र’ म्हणतात. म्हणजे आपला शब्द तिकडे गेला आणि तिकडचा आफ्ताबगीर इकडे आला, आणि दोन्ही एकाच दरबारात शेजारी शेजारी उभे राहिले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या राजचिन्हांची यादी दिली आहे, तिच्यात हे दोन्ही आहेत. चत्रावर मौल्यवान रत्नं असत, आणि ती सातांपेक्षा कमी कधीच नसत. त्याखालोखाल ‘सायबान’, अंड्याच्या आकाराचं, सुमारे एक गज लांब, दांडा किनखाबाने मढवलेला. एक सेवक ते ऊन लागू नये म्हणून धरून उभा राही, आणि या सायबानालाच आफ्ताबगीर म्हणतात, असं अबुल फजल नोंदवतो. आकार वेगळा का, याचं उत्तरही यातच आहे. सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपं येतं, तेव्हा डोक्यावरचं छत्र निरुपयोगी ठरतं. हत्तीवर किंवा घोड्यावर बसलेल्या माणसाला बाजूने आडोसा हवा असतो.

मुघल रिवाजानुसार आफ्ताबगीर फक्त शाहजाद्यांना मिळे. मुघल सैन्याचा अभ्यास करणारे विल्यम आयर्विन पुढे जे सांगतात ते मला सर्वांत मजेचं वाटतं. अठराव्या शतकात मराठ्यांनी ही वस्तू इतकी सर्रास केली की त्यांच्या घोडेस्वारांची लहानात लहान टोळीही एखादी अब्दागिरी बाळगून असे. जे दिल्लीत राजपुत्रांपुरतं राखून ठेवलं होतं, ते इथे पथकाची निशाणी झालं. ही नुसती हौस नव्हती, असं मला वाटतं. दिल्लीच्या तोंडावर दिलेलं ते उत्तर होतं. छत्राचं तसं झालं नाही. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजी महाराजांनी छत्र धारण केलं ते ‘छत्रपती’ म्हणून, आणि तो मान राजाचाच राहिला.

शिवकाळात राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी अब्दागिरी हटली नाही. आतपत्र तयार असूनही ते पोथीतच राहिलं.

ऊन अडवण्यावरून मानपान ठरवण्यात युरोपीयही मागे नव्हते. पोर्तुगीजांचा ‘किटासोल’, म्हणजे सूर्य हटवणारा, इंग्रजांच्या तोंडी ‘किटिसॉल’ झाला. 1687 मध्ये कंपनीच्या संचालकांनी लंडनहून कळवलं की मद्रासच्या आल्डरमन मंडळींना, म्हणजे नगरसभेतल्या ज्येष्ठ सभासदांना, डोक्यावर किटिसॉल धरवून घ्यायची मुभा द्यावी. फ्रेंचांकडे इटालियनातून आलेला ‘पॅरासोल’ही त्याच घडणीचा, सूर्य थोपवणारा. पावसासाठी त्यांनी त्याच साच्यात दुसरा शब्द पाडला, ‘पॅराप्लुई’. मराठीने तेवढी तसदी घेतली नाही. आपली छत्री दोन्हींना पुरते, आणि अब्दागिरी मानाकडे राहिली.

जुने कागद वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की या शब्दाचं लेखन एकसारखं सापडत नाही. आफ्तागिरी, अफ्तागीर, अबदागीर, अब्दागीर असं काहीही दिसलं तरी वस्तू एकच.