निवेदक (कथात्म साहित्य)

कथा किंवा कादंबरी ज्याच्या तोंडून वाचकापर्यंत पोहोचते तो निवेदक. लेखक पुस्तकाबाहेर असतो. निवेदक त्याने पात्रांसारखाच घडवलेला असतो. हा फरक नजरेआड झाला की ‘मी’ दिसताच लेखकाचे चरित्र शोधले जाते आणि कलाकृती बाजूला पडते. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत यमू आपली हकिगत स्वतः सांगते. एका पुरुषाने एकोणिसाव्या शतकात बाईचा ‘मी’ इतक्या ताकदीने उभा केला, हे मराठी कादंबरीचे मोठेच धाडस होते.

प्रथमपुरुषी निवेदकाला स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगता येते. या मर्यादेचा उपयोग व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) फार सुंदर केला आहे. सांगणारा तरुण मास्तर गावात नवखा. त्यामुळे धनगरांची वस्ती त्याला जशी कळत जाते तशीच वाचकालाही. ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर बोलता बोलता ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ पेरत राहतो. त्याचा तुटलेपणा घटनांपेक्षा या लकबींतून आधी जाणवतो, म्हणून निवेदकाची भाषा हाही अभ्यासाचा विषय ठरतो. ‘ययाति’ (१९५९) आणि ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबऱ्यांत निवेदक बदलत जातात. ‘ययाति’त देवयानीचे ऐकल्यावर शर्मिष्ठेचे ऐकले की न्याय कुणाच्या बाजूने द्यावा, हा पेच वाचकावर येतो.

निवेदकाच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नसेल, तर त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. असा निवेदक खोटे बोलतोच असे नाही. वयामुळे, रागामुळे किंवा प्रेमामुळेही त्याला अर्धेच दिसत असते.

तृतीयपुरुषी निवेदनात सर्वसाक्षी निवेदक कुणाच्याही मनात शिरू शकतो. मर्यादित निवेदक मात्र एकाच पात्राला धरून राहतो. इथे दृष्टिकोन ही दुसरी संज्ञा लागते: सांगतो कोण आणि पाहतो कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ‘सुमनने कडी काढली. एवढ्या रात्री कोण आलं असेल? दारात धाकटा दीर उभा होता.’ यातले पहिले व तिसरे वाक्य निवेदकाचे. मधला प्रश्न सुमनच्या मनातला आहे, पण ‘तिला वाटले’ हे शब्द गाळल्यामुळे दोन आवाज एकमेकांत मिसळतात. उतारा वाचताना अशा जागांवर थांबावे.