नवी गादी घेण्याआधी जुनी उलटून पाहा
(कोकणातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात येण्याआधी घरी एक काम करा. जुन्या गादीवरची चादर काढा, गादी भिंतीला उभी करा आणि तिची खालची बाजू व पलंगाची फळी उजेडात नीट पाहा. जुनी गादी कशाने बिघडली ते कळलं नाही, तर नवीही त्याच कारणाने बिघडणार. पैसे मात्र दुसऱ्यांदा जाणार.

खड्डा पडलाय

गादी पलंगावर असताना उशाकडून पायथ्याकडे सुतळी ताणून धरा आणि खड्डा जिथे सर्वांत खोल आहे तिथे फूटपट्टीने मोजा. मग तीच गादी जमिनीवर टाकून पुन्हा मोजा. जमिनीवर खड्डा बराच कमी झाला, तर दोष पलंगाचा आहे. ६ मिलिमीटरचं प्लायवूड दोन माणसांच्या वजनाने वर्षभरात वाकतं. तिथे निदान १२ मिलिमीटरचं हवं, खाली दीड-दीड फुटावर आडव्या पट्ट्या हव्यात, आणि पाच-सहा फूट रुंदीच्या पलंगाला मधोमध पाय हवा. नुसत्या लाकडी पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधलं अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको. फोम त्या फटींतून खाली दबतो आणि तिथूनच फाटतो. सुताराकडे हे काम नव्या गादीपेक्षा बरंच स्वस्तात होतं, म्हणून आधी तिकडे जा. जमिनीवरही खड्डा एक इंचाच्या वर राहिला, तर गादी संपली असं समजा.

खालून काळे ठिपके, कुबट वास

ही बुरशी. रात्रभर अंगातून निघणारी वाफ गादीतून खाली उतरते आणि बिनभोकाच्या प्लायवूडवर अडकते. सामान ठेवायच्या बॉक्सच्या पलंगात हे हमखास होतं. फळीला फुटा-फुटावर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेली गादी कितीही महागाची असली तरी वास मारणारच.

नव्या गादीवरचं प्लास्टिक काढून टाका. डाग पडू नयेत म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं आम्ही घरोघरी पाहतो. त्यात घाम अडकतो, गादी आतून दमट राहते आणि कूस बदलली की चरचर आवाज येतो तो वेगळाच. डागांची भीती असेल तर कापडाखाली पातळ जलरोधक थर असलेली, धुता येणारी खोळ घ्या.

शिवणीजवळ तपकिरी ठिपके

ढेकूण. या वेळी गादी घेऊच नका. ढेकूण पलंगाच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत आणि भिंतीच्या भेगांतही असतात. नवी गादी आणली की आठवड्यात तिच्यात येतात. नुसतं ऊन दाखवून ते जात नाहीत, कारण गादीच्या आत पुरेशी उष्णता पोचत नाही. आधी घरात औषध मारून घ्या. अंडी फुटून निघालेल्या पिलांसाठी दुसरी फवारणी सहसा लागतेच. ती झाल्यावर महिनाभर काही दिसलं नाही, तर या.

कापसाची गादी

हिला मोडीत काढायची घाई नको. ६ बाय ३ फुटांच्या गादीत साधारण ८ ते १० किलो कापूस बसतो. वापरून तो दबतो, गुठळ्या होतात आणि टाके सैल पडले की कापूस कडेला सरकतो. दोन-तीन वर्षांनी पिंजून भरली की तीच गादी पुन्हा उभी राहते. पिंजताना धूळ आणि तुटके तंतू उडून जातात, त्यामुळे वजन घटतं. किलो-दोन किलो नवा कापूस घालावा लागतो. कापूस तुमच्यासमोर तोलून घ्या, भरल्यावर गादी पुन्हा तोला. यात संकोच कसला?

कापूस ओळखायला कोपऱ्यातून चिमूटभर ओढून पाहा. लांब तंतू सुटत असतील तर चांगला. आखूड कुसं आणि रंगीत धाग्यांचे तुकडे निघाले तर तो गिरणीतला टाकाऊ माल. त्याच्या गुठळ्या सहा महिन्यांत होतात. टाके पाच-सहा इंचांवर हवेत, आणि टाका घातल्यावर कापड आत ओढलं गेलेलं दिसलं पाहिजे.

पिंजायला देण्याची वेळ पाळा. पावसाळ्यात कापूस हवेतली ओल ओढून घेतो, नीट फुलत नाही, आणि तसाच भरला तर आत कुबट होतो. एप्रिल-मे नाहीतर दसऱ्यानंतरचं कडक ऊन, या दोनच वेळा. जून लागल्यावर आम्ही हे काम घेत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

फोम: वजनावरून ओळखा

फोमच्या नावांना भुलू नका, तराजू आणा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. लांबी आणि रुंदी फुटांत, जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करून १२ ने भागा. हे झाले घनफूट. त्याला ०.०२८३ ने गुणलं की घनमीटर. ६ बाय ३ फुटांची ४ इंची गादी ६ घनफुटांची, म्हणजे ०.१७ घनमीटर. ४० डेन्सिटीचा फोम असेल तर आतला ठोकळा ६.८ किलो भरला पाहिजे, ३२ चा असेल तर ५.४ किलो. खोळीची चेन उघडून नुसता ठोकळा तोलल्यावर तो साडेतीन किलो भरला, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो २० चा फोम आहे आणि रोजच्या झोपण्याला टिकणार नाही. पाहुण्यांच्या खोलीत चालेल. रोजच्या वापराला ३२ च्या खाली जाऊ नका. वजन ८० किलोच्या पुढे असेल तर ४० घ्या.

एक गोंधळ नेहमी होतो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ४० चा मऊ फोम असतो आणि २८ चा कडकही असतो. डेन्सिटी टिकाऊपणा सांगते. कडक-मऊ पाठ टेकूनच कळतं.

फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेला बॉन्डेड फोम जड आणि कडक असतो. तळाच्या थराला उत्तम, पण त्याच्यावर दीड-दोन इंच मऊ थर नसेल तर सडपातळ माणसाचे खांदे दुखतात. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ती ऊब धरूनही ठेवतो. मे महिन्यात, रात्री वीज गेल्यावर त्यावर झोपणं कठीण आहे. हवाच असेल तर वरचा थर दोन इंचांपर्यंत ठेवा. लेटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या चिकाच्या फोममध्ये, हवा जास्त खेळते, उसळीही चांगली. महाग आणि जड मात्र आहे.

काथ्या आणि स्प्रिंग

काथ्यावर रबराचा चीक मारून दाबलेल्या गादीतून वारा खेळतो, म्हणून आपल्या दमट हवेत ती चांगली. ती कडक असते, आणि दुमडली की तंतू तुटतात. गादीखाली तपकिरी भुगा सांडू लागला की रबर वाळलं, आता ती बदला. स्प्रिंगची घेणार असाल तर प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असलेली घ्या. एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला धक्का कमी बसतो. समुद्राच्या अगदी जवळ घर असेल तर आम्ही स्प्रिंग सुचवत नाही. खाऱ्या हवेने पोलाद गंजतं आणि आवाज करू लागतं.

कडक की मऊ?

कंबर दुखते म्हणून फळीवर झोपा, हा सल्ला अजून दिला जातो. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या, जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता.

गादीवर उताणे पडा आणि कंबरेखालून तळहात सरकवा. हात मोकळा आरपार गेला तर गादी जास्त कडक, शिरलाच नाही तर जास्त मऊ. थोडा अडत गेला तर बरोबर. मग कुशीवर वळा आणि सोबतच्या माणसाला पाठीमागून मणका पाहायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ हवी. दुकानात बसून, तळहाताने दाबून काही कळत नाही. चपला काढून, नेहमी झोपता तसे दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. लाजू नका, त्यासाठी गादीवर वेगळी चादर घातलेली असते. नवरा-बायकोच्या वजनात खूप फरक असेल तर ३६ इंची दोन वेगळ्या गाद्या शेजारी ठेवून एकच चादर घाला. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

उशीचं माप खांद्यावर ठरतं. कुशीवर झोपणाऱ्याला मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतची उंची भरून काढणारी उशी हवी, उताण्याला तिच्यापेक्षा पातळ. सावरीच्या कापसाची उशी हलकी आणि मऊ, पण ती दबते. उन्हात टाकून झटकत राहावं लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मोहरीचीही उशी नको. त्याला सपाट, घट्ट गादीच द्यावी.

रोजची निगा

सकाळी उठल्या उठल्या पलंगपोस घालू नका. अर्धा तास गादी उघडी ठेवा, पंखा चालू ठेवा. पहिले सहा महिने दर महिन्याला उशाची बाजू पायथ्याकडे करा, पुढे तीन महिन्यांनी एकदा. मऊ थर एकाच बाजूला असेल तर गादी उलटी करायची नाही, नुसती फिरवायची. कापूस आणि काथ्या यांना कडक ऊन दाखवा. फोम आणि लेटेक्सला नको, उन्हाने ते पिवळे पडून भुरभुरतात. त्यांना सावलीत, वाऱ्याला उभं करा. मुलाने ओलं केलं तर चोळू नका. कोरड्या फडक्याने दाबून टिपा, खाण्याचा सोडा भुरभुरून काही तास ठेवा, झाडून घ्या आणि गादी उभी करून पंख्याखाली वाळवा.

पलंग करकरत असेल तर गादीला दोष देऊ नका. बोल्ट आवळा, लाकूड लाकडाला घासतं तिथे मेणबत्ती चोळा किंवा रबराचा तुकडा घाला. झोपमोड करणाऱ्या आवाजांतला हा सर्वांत स्वस्तात जाणारा. फोनचा चार्जर मात्र उशाजवळून तुम्हालाच हलवावा लागेल.

माप आणि बिल

पलंगाच्या आतली लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा. जुने लाकडी पलंग एका टोकाला अर्धा-पाऊण इंच कमी असतात. सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करून सांगा. जिन्याचं वळण आणि दाराची रुंदीही कळवा. स्प्रिंगची गादी दुमडून वर नेता येत नाही. जिना अरुंद असेल तर दोन भागांत करून देतो. बिलावर प्रत्येक थराचं नाव, जाडी आणि डेन्सिटी लिहून घ्या, आणि वॉरंटी किती खोल खड्ड्याला लागू आहे तेही. मापाने कापलेली गादी परत घेता येत नाही, तेव्हा फूटपट्टी दोनदा लावा.