नदीच्या दोन्ही काठांवरचा अकॉर्डियन

३१ जुलै २०२५ रोजी टेक्सासचे अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेस गेले. रोलिंग स्टोन्सच्या १९९४ सालच्या ‘वूडू लाउंज’ या अल्बममध्ये त्यांचा अकॉर्डियन आहे, त्यामुळे जगभरच्या रॉक ऐकणाऱ्यांना तो सूर ओळखीचा. पण हिमेनेसांच्या घरात तो तीन पिढ्यांचा होता. आजोबा वाजवत, वडील वाजवत. टेक्सासमधले मेक्सिकन लोक अकॉर्डियनवरच्या या नाचाच्या संगीताला ‘कोन्हुन्तो’ म्हणतात. रिओ ग्रांदे नदीपलीकडे, मेक्सिकोत, त्याचंच जुळं भावंड ‘नोर्तेन्यो’ म्हणून नांदतं.

ही नदी अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांची सीमा झाली ती १८४८ च्या तहाने. दोन्ही काठांवरची माणसं, भाषा, सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. त्याच सुमारास टेक्सासात जर्मन आणि चेक शेतकरी येऊन वसत होते. त्यांच्याबरोबर पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे नाच आले आणि बटणांचा छोटा अकॉर्डियनही आला. गरिबाला तो परवडायचा, आणि वीज नसलेल्या वस्तीत अंगणभर ऐकू जायचा. लग्नाच्या नाचाला तेवढा एक वाजवणारा पुरे.

या वाद्याची गंमत आपल्या पेटीशी ताडून पाहिली की चटकन कळते. दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ जिभाच (रीड) बोलतात. पण पेटीत एक पट्टी दाबली की एकच स्वर. या बटणांच्या अकॉर्डियनमध्ये तेच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा. साधी चाल वाजवायची तरी भात्याची दिशा सतत बदलावी लागते, आणि त्या हिसक्यांतूनच नाचायला लावणारी उसळी येते.

डाव्या हाताला खर्जाची बटणं असतात. टेक्सासचे अकॉर्डियनवादक नार्सिसो मार्तिनेस यांनी ती जवळजवळ सोडूनच दिली. खर्ज आणि ताल त्यांनी सान्तियागो आल्मेइदा यांच्या बाहो सेक्स्तोवर, म्हणजे बारा तारांच्या जाड आवाजाच्या गिटारवर सोपवला आणि उजवा हात मोकळा करून घेतला. १९३६ मध्ये ब्लूबर्ड कंपनीने या जोडीच्या तबकड्या काढल्या. माझ्या मते कोन्हुन्तोचा खरा जन्म इथे आहे. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे. कंपनीने त्याच ध्वनिमुद्रणांतली काही पोलिश आणि लुईझियानातल्या फ्रेंच गिऱ्हाइकांना वेगळ्या नावांनी विकली. लुईझियानासाठी मार्तिनेस झाले ‘लुईझियाना पीट’! परक्यांनीही त्यावर ताल धरला असणार, पण वाजवणाऱ्याचं नाव त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. या माणसाला पोटासाठी शेतमजुरी करावी लागली, ट्रक चालवावा लागला, उतारवयात प्राणिसंग्रहालयात नोकरी करावी लागली, हे वाचून आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अकॉर्डियनवादक वालेरियो लोंगोरिया यांनी ड्रम आणले. दुसरे अकॉर्डियनवादक टोनी दे ला रोसा यांनी पोल्काची लय उतरवली आणि जोडपी पाय घासत निवांत नाचू लागली. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली तेव्हा टेक्सासातच उभ्या राहिलेल्या आयडियल या छोट्या कंपनीने तबकड्या काढल्या. कापूस वेचायला, बीट काढायला मजूर कुटुंबं मिशिगन, कॅलिफोर्नियापर्यंत जात. त्यांच्या सामानाबरोबर हे संगीतही गेलं. सीमेपलीकडून आलेल्या लोस तिग्रेस देल नोर्ते या नोर्तेन्यो बँडने तर कॅलिफोर्नियात सान होसेला बिऱ्हाड केलं आणि तिथून सगळा लॅटिन अमेरिका गाजवला.

इंग्रजी जगाचं लक्ष वळलं ते १९७० च्या दशकात. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९७६ च्या अल्बममध्ये फ्लाकोंना घेतलं. त्याच वर्षी ‘चुलास फ्रोन्तेरास’ हा या संगीतावरचा माहितीपट आला. आर्हूली या तबकड्यांच्या कंपनीचे ख्रिस स्ट्राख्विट्झ यांनी जुन्या तबकड्या शोधून पुन्हा बाजारात आणल्या. १९८२ पासून सॅन अँटोनियोत कोन्हुन्तोचा महोत्सव भरू लागला. जपानमध्येही कोन्हुन्तो वाजवणारे गट उभे राहिले.

आणि नेदरलँड्समध्ये, लिम्बुर्ख प्रांतात, जर्मनीच्या सीमेपासून फार लांब नाही असं एक खेडं आहे. त्याचं नाव अमेरिका. तिथला रोवेन हेझे हा बँड १९८५ पासून आपल्या लिम्बुर्खी बोलीत गातो, आणि त्यांच्या अकॉर्डियनला टेक्सासी वळण आहे.