पत्र्यावरचे भोवरे

जुन्या रेसिंग गाडीच्या डॅशबोर्डवर कधीकधी रंग नसतो. नुसता चकचकीत पत्रा असतो आणि त्यावर एकमेकांवर चढलेले गोल भोवरे, रांगेमागून रांग, माशाच्या खवल्यांसारखे. या कामाला 'इंजिन टर्निंग' म्हणतात. गाडीवर दिसतं म्हणून हे नाव गाडीच्या इंजिनावरून पडलं असावं असं वाटतं, पण ते मोटारीच्या कितीतरी आधीचं आहे.

यातलं इंजिन म्हणजे 'रोझ इंजिन', एका जातीचा नक्षीकामाचा लेथ, म्हणजे वस्तू फिरवून तिच्यावर हत्यार चालवायचं यंत्र. साध्या लेथमध्ये घडवायची वस्तू जागेवर गोल फिरते. इथे ती एका पाकळीदार चकतीच्या कडेवरून डुलत डुलत फिरते, त्यामुळे हत्यार धातूवर नागमोडी रेघा कोरतं. अब्राहम-लुई ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीने 1780च्या दशकात अशा कोरीव तबकड्या वापरात आणल्या. चकाकी मरते आणि काटे स्पष्ट वाचता येतात, हा त्याचा रोकडा फायदा. पुढे रशियात फाबर्जे या जवाहिऱ्याच्या कारागिरांनी अशाच कोरीव कामावर पारदर्शक मीना चढवला.

गाडीवरचे भोवरे मात्र कोरलेले नसतात, घासलेले असतात. नाव कोरीव कामाचं, काम घासण्याचं. त्याचं खरं सख्खं भावंड घड्याळाच्या पोटात सापडतं. आतल्या पट्ट्यांवर बारीक गोल ठिपके घासतात, त्याला घड्याळजी 'पेर्लाज' म्हणतात. हत्याराच्या खुणा झाकायला याच्यासारखा उपाय नाही. आरशासारख्या पॉलिशवर एक ओरखडा पडला तरी डोळ्यांत खुपतो. हजार ओरखडे शिस्तीत मारले की त्यांची नक्षी होते.

मोटारीत याचं नाव सर्वांत जास्त जोडलं गेलं ते बुगाटी या गाड्यांशी. एत्तोरे बुगाटीचे वडील कार्लो फर्निचरचे कलावंत, भाऊ रेम्ब्रांट शिल्पकार. अशा घरातला हा माणूस फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइमच्या आपल्या मोटार कारखान्यात इंजिनाचे सपाट पृष्ठभागही हाताने घासून देखणे करून घेई. 1924 साली लिऑनच्या ग्रां प्री शर्यतीत उतरलेल्या त्याच्या टाइप 35 या गाडीच्या अॅल्युमिनियम डॅशबोर्डवर हे भोवरे होते. इंग्लंडच्या बेंटली गाड्यांतही ते दिसू लागले.

पण सामान्य माणसाच्या नजरेत ही नक्षी भरली ती एका विमानामुळे. चार्ल्स लिंडबर्ग हा अमेरिकन वैमानिक 20-21 मे 1927 रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने, वाटेत न थांबता, साडेतेहतीस तासांत पोहोचला. त्याचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' सॅन डिएगोच्या रायन कंपनीने सुमारे दोन महिन्यांत बांधलं होतं. बाकी सगळं कापडाने मढवलेलं, रुपेरी रंगाचं; नाकाडावरचे पत्रे तेवढे उघडे आणि भोवऱ्यांनी भरलेले. त्या विमानाच्या फोटोंबरोबर ते भोवरेही जगभर गेले. वेग म्हटला की असा पत्रा, हे समीकरण तिथून पक्कं झालं असावं, असं मला वाटतं. 1936च्या अमेरिकन कॉर्ड 810 या महागड्या गाडीचा डॅशबोर्ड पाहिला, की तो गाडीपेक्षा विमानाचाच वाटतो.

काम तसं साधं, पण चिकाटीचा अंत पाहणारं. ड्रिल मशीनमध्ये बिटाऐवजी लाकडी किंवा रबरी दांडी बसवायची, पत्र्याला तेलात कालवलेली कार्बोरंडम पावडर, म्हणजे घासायची कठीण पूड, लावायची आणि फिरती दांडी क्षणभर टेकवून उचलायची. मग अर्ध्या व्यासाइतकं सरकून पुन्हा तेच. 12 मिलिमीटरचा ठिपका 6 मिलिमीटरच्या अंतराने मारायचा म्हटलं, तर 90 बाय 30 सेंटिमीटरच्या पॅनेलला साधारण साडेसात हजार ठिपके लागतात. दर ठिपक्याला तीन सेकंद धरले तरी सहा तासांच्या वर. मधली एक रांग वाकडी गेली, की पुढच्या सगळ्या रांगा तिची चुगली करतात.

अशी नक्षी तेल धरून ठेवते, असंही सांगतात. लेथच्या बेडवर, म्हणजे त्याच्या सपाट बैठकीवर, स्क्रॅपर या खरवडायच्या हत्याराने काढलेल्या चंद्रकोरींबाबत ते खरं आहे, कारण तिथे खरोखर खळगे असतात आणि त्यावरून काहीतरी सरकतही असतं. डॅशबोर्डवरून काय सरकणार? इथे ती निव्वळ हौस.

पुढे रंगवलेला पत्रा, क्रोम आणि शेवटी प्लास्टिक आलं. एवढ्या मजुरीला गाडीत जागा उरली नाही. तरी 1970च्या दशकातल्या पाँटियाक ट्रान्स अॅम या अमेरिकन गाडीने डॅशबोर्डवर हा थाट ठेवला, आणि अलीकडे बेंटलीनेही तो पुन्हा काढला. स्वस्तात हवा असेल तर छापील स्टिकर मिळतो. फरक ओळखायला भिंग लागत नाही. खऱ्या भोवऱ्यात वर्तुळाकार ओरखडे असतात, म्हणून प्रत्येक ठिपक्यात उजेडाची एक फुलपाखरासारखी पट्टी दिसते आणि आपण मान हलवली की साऱ्या पट्ट्या एकदम फिरतात. स्टिकरवरच्या पट्ट्या छापल्या तिथेच असतात.